ईपीएबीएक्समधून तीन महिन्यांपूर्वीचे कॉल लॉग काढता येतात का?

अंबडकर

नमस्कार मंडळी. जरा घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कारखान्यांच्या एअर कॉम्प्रेसरची विक्री आणि देखभाल करतो. एका गिऱ्हाईकाशी वार्षिक देखभालीचा करार आहे. तक्रार नोंदवल्यापासून चार तासांत आमचा माणूस पोचला नाही तर दंड. आता त्यांचं म्हणणं असं की फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी आमच्या लँडलाइनवर सकाळपासून बरेच फोन केले, कुणी उचललाच नाही, आणि सोमवार दुपारपर्यंत त्यांचा कारखाना बंद राहिला. दंडाची रक्कम आमच्यासारख्यांना जड आहे. मालक म्हणतात, "एक्सचेंजच्या डब्यात सगळं असतं, काढ तिथून."

डबा म्हणजे आमचा ईपीएबीएक्स, ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्सचेंज. पॅनासॉनिकचा केएक्स-टीईएस८२४. बाहेरच्या तीन लाइन (साध्या तांब्याच्या), आत सोळा एक्स्टेन्शन. ज्याने बसवला त्याने हा धंदा कधीच सोडला. रिसेप्शनच्या डिस्प्लेवाल्या फोनवर शेवटचे काही नंबर दिसतात, फेब्रुवारीचं काहीही नाही.

जुने कॉल डब्यातून निघतात का? नसतील निघत तर फोन कंपनीकडून मिळतील का? आणि प्रकरण लवादापुढे गेलं तर असला कागद चालतो का?

मुकुंद_चिं

डब्याच्या बाजूला नऊ पिनांचा पोर्ट आहे का? त्याला काही जोडलंय का? फोटो टाका.

अंबडकर

पोर्ट आहे. काही जोडलेलं नाही, नुसती धूळ आहे.

तारवाला

मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या धुळीतच आहे, पण नीट सांगतो. पुण्यात बरीच वर्षं हेच काम करतोय.

ईपीएबीएक्समध्ये हार्ड डिस्क असते आणि त्यात सगळे कॉल साठत जातात, असा बहुतेक मालकांचा समज असतो. या पिढीच्या डब्यात तसं काही नाही. कॉल संपला की डबा त्या कॉलची एक ओळ बनवतो आणि सिरियल पोर्टमधून बाहेर ढकलतो. याला एसएमडीआर म्हणतात. पलीकडे प्रिंटर असेल तर ती ओळ छापली जाते, कॉम्प्युटर असेल तर फाइलमध्ये जाते, काहीच नसेल तर गेली. काही मॉडेलांत थोडा बफर असतो. उदाहरणार्थ अवायाच्या आयपी ऑफिसमध्ये ऐकणारा कॉम्प्युटर बंद असेल तर मुळात ५०० नोंदी धरून ठेवल्या जातात, सेटिंग बदलून ३००० पर्यंत. पण तोही काही तासांची किंवा दिवसांची अडचण निभावण्यासाठी, तीन महिन्यांसाठी नव्हे. तुमच्या डब्याला कुणी ऐकणारंच नव्हतं, त्यामुळे फेब्रुवारीचं त्यातून काही निघणार नाही. कुणी 'डेटा रिकव्हरी' करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. जे लिहिलंच गेलं नाही ते तो कुठून काढणार?

तरीही आजपासून नोंद सुरू करा. का ते पुढे कळेल. एक जुना पीसी घ्या, सिरियल केबल जोडा, पुटी किंवा टेराटर्म (पोर्टवर येणारा मजकूर दाखवणारे प्रोग्रॅम) टाका आणि त्यात 'सगळं आउटपुट फाइलमध्ये लिही' हा पर्याय चालू करा. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, इथून सुरुवात करा. स्क्रीनवर चौकोन-त्रिकोण नाचायला लागले तर वेग किंवा पॅरिटी जुळत नाहीये. काहीच उमटलं नाही तर केबल सरळ हवी की क्रॉस, ते मॅन्युअलमधल्या पिनांच्या तक्त्यावरून बघा. मॅन्युअल इंटरनेटवर मिळतं. पीसीचं स्लीप बंद करायला विसरू नका. निम्मी बोंब तिथेच होते. पीसी झोपतो आणि डबा भिंतीशी बोलत बसतो.

मग प्रोग्रॅमिंग. डिस्प्लेवाल्या फोनवरून स्टार, हॅश आणि पासवर्ड टाकून आत जायचं (बसवणाऱ्याने बदलला नसेल तर १२३४, आणि बहुतेकांनी बदललेला नसतो). एसएमडीआरचे प्रोग्रॅम ८०० च्या घरात आहेत. तिथे आउटगोइंग छापायचे की नाही, इनकमिंग छापायचे की नाही, हे वेगवेगळं ठरवता येतं. आपल्याकडे डबे बसवताना फक्त आउटगोइंग चालू ठेवायची पद्धत होती, कारण मालकाला एसटीडीच्या बिलाची काळजी. कोण फोन करतंय याची नव्हे.

एका ओळीत काय असतं: तारीख, वेळ, एक्स्टेन्शन, बाहेरची लाइन, नंबर, किती वेळ रिंग वाजली, किती वेळ बोलणं झालं, आणि शेवटी दोन अक्षरांची खूण. इनकमिंगला नंबरच्या जागी कोनी कंसात 'आय' येतं. पॅनासॉनिकच्याच मोठ्या टीडीए मालिकेत खुणा जास्त आहेत: टीआर म्हणजे कॉल दुसरीकडे ट्रान्स्फर झाला, एफडब्ल्यू म्हणजे फॉरवर्ड, एनए म्हणजे वाजला पण उचलला नाही. रिसेप्शनने उचलून आत दिलेला एक कॉल दोन ओळींत दिसतो, तेव्हा ओळी मोजून 'इतके कॉल आले' असं मालकांना सांगू नका.

आता तुमच्या प्रकरणातला कळीचा मुद्दा. नोंद चालू असती तरी गिऱ्हाईकाचा दावा तिने पुरा खोडून निघाला असता का? तीन शक्यता बघा.

कॉल आला, वाजला, कुणी उचलला नाही. असल्या कॉलची ओळ डबा बनवतो की नाही हे मॉडेलवर आणि सेटिंगवर आहे.

कॉल आला, पण नंबर नाही. साध्या लाइनवर नंबर दिसायला डब्यात कॉलर आयडीचं वेगळं कार्ड लागतं आणि लाइनवर ती सेवा चालू असावी लागते. कार्ड नसेल तर 'रविवारी सव्वानऊला कुणीतरी फोन केला होता' एवढंच हाती येतं.

तिसरी शक्यता लोक विसरतात. तुमच्या तिन्ही लाइन त्या वेळी गुंतलेल्या असतील, किंवा लाइनच मेलेली असेल, तर कॉल तुमच्या डब्यापर्यंत पोचलाच नाही. पलीकडच्याने एंगेजचा टोन ऐकला, तुमच्याकडे शून्य. ती खूण असलीच तर फोन कंपनीच्या एक्सचेंजमध्ये. त्यामुळे 'आमच्या लॉगमध्ये नाही' याचा अर्थ 'तुम्ही फोन केलाच नाही' असा होत नाही. त्या रविवारी तुमच्या लाइन चालू होत्या का, हे आधी तपासा. लाइन बंद असल्याची तक्रार तुम्ही नोंदवली असेल तर तिचा डॉकेट नंबर शोधा.

मुकुंद_चिं

तारवाले, दंडवत. वाचनखूण साठवली.

बोर्डवाली_मावशी

मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. मुंबईत फोर्टमध्ये एका मोठ्या कंपनीच्या बोर्डावर होते. तारवाल्यांनी लिहिलेला सिरियल पोर्ट आमच्याकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला जोडलेला असे. दिवसभर करर् करर् चालू. कडेला भोकं असलेला लांबलचक कागद, महिन्याच्या शेवटी त्याचे गठ्ठे अकाउंट्सला जायचे आणि तिथला एक मुलगा पट्टी लावून खात्याप्रमाणे एसटीडीचे आकडे वेगळे करायचा. प्रत्येक साहेबाला चार आकडी कोड. कोड टाकल्याशिवाय एसटीडीचं शून्य लागायचं नाही. तरी कोड फुटायचेच. एका वर्षी मार्केटिंगच्या साहेबांच्या कोडवर कोल्हापूरचे कॉल निघाले, तेही रात्री अकरानंतर, म्हणजे पाव दराच्या वेळेत. साहेब मूळचे लखनौचे. रात्रपाळीचा शिपाई मात्र गडहिंग्लजचा होता.

गंमत सोडा. अंबडकर, तुम्ही यंत्रामागे लागलात, पण माणसांनी लिहिलेलं बघितलंत का? तुमच्या डब्याला दिवस आणि रात्र असे दोन मोड असतात. सुट्टीच्या दिवशी रात्रीचा मोड लावला की बाहेरचा कॉल रिसेप्शनला वाजत नाही, दुसऱ्या ठरवलेल्या एक्स्टेन्शनला वाजतो. कारखान्यात तो बहुतेक वेळा गेटवर, वॉचमनच्या केबिनमध्ये. तो रविवारी कुठे वाजत होता ते काढा. केबिनमध्ये वाजत असेल तर वॉचमनची वही मागवा. गाडी आली, गाडी गेली, यासोबत 'अमक्याचा फोन' हेही ती मंडळी लिहितात, निदान चांगल्या एजन्सीची तरी. आमच्याकडे निरोपाची वही होती. वेळ, कुणाचा, कुणासाठी, नंबर, निरोप, निरोप पोचवला त्याची सही. कित्येक भांडणं त्या वहीने मिटवली.

अंबडकर

मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं. रविवारचा फोन गेटवरच वाजतो. सिक्युरिटी एजन्सीकडे जुन्या वह्या आहेत का विचारतो.

शून्यदोनशून्य

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी टेलिकॉममध्ये बिलिंगला होतो, आता नाही.

फोन कंपन्यांकडे प्रत्येक कॉलची नोंद असते, आलेल्या आणि केलेल्या दोन्ही. परवान्याच्या अटीत ती किमान एक वर्ष ठेवायची होती. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने ती मुदत दोन वर्षं केली. म्हणजे फेब्रुवारीची नोंद कंपनीकडे आहे. पण ती तुम्ही अर्ज केलात म्हणून हातात पडत नाही. ग्राहकाला मिळतं ते तपशीलवार बिल, म्हणजे त्याने स्वतः केलेले आणि लागलेले कॉल. आलेल्या कॉलची यादी ग्राहकालाही देत नाहीत. ती तपास यंत्रणेला मिळते, पोलिसांकडून मागणी जायची तर अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, नाहीतर कोर्टाच्या आदेशाने.

दुसऱ्या बाजूने बघा. फोन केल्याचा दावा कुणाचा? गिऱ्हाईकाचा. मग पुरावा त्यांनी द्यायचा. त्यांनी मोबाइलवरून केले असतील तर हँडसेटमध्ये केलेले कॉल वेळेसकट दिसतात, न लागलेलेसुद्धा. बिलात मात्र न उचललेला कॉल येत नाही, कारण त्याचा आकार लागत नाही. त्यांनी नुसतं बिल पुढे केलं आणि त्यात तुमचा नंबर दिसला, तर त्याचा अर्थ कॉल *उचलला* गेला होता. म्हणजे 'कुणी उचललाच नाही' हे त्यांचं म्हणणं त्यांच्याच कागदाने पडतं. हे नीट वाचा, तुमच्या कामाचं आहे.

आणि एक सांगायलाच हवं. 'ओळखीने सीडीआर (कंपनीकडची कॉलची नोंद) काढून देतो' म्हणणारे भेटतात. त्या वाटेला जाऊ नका. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असा बेकायदा सीडीआर विक्रीचा धंदा उघडकीला आणला होता, खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. दंडाचे चार पैसे वाचवायला जाल आणि आरोपी व्हाल.

तारवाला

बिल आणि हँडसेटमधला हा फरक मस्त पकडलात. एक पुरवणी जोडतो. डब्याने तुमच्याकडे रात्रीच्या मोडमध्ये रेकॉर्ड केलेला संदेश वाजवला असेल ('ऑफिस बंद आहे, कृपया...'), तर तांत्रिकदृष्ट्या कॉल उचलला गेला. पलीकडच्याच्या बिलात तो येणार, आणि माणूस मात्र कुणीच बोललं नाही. टीईएस८२४ मध्ये संदेशाचं कार्ड टाकता येतं. अंबडकर, तसलं काही आहे का?

अंबडकर

नाही, नुसतं वाजत राहतं. विचारून घेतलं.

पेंग्विन_पाळलेला

अ‍ॅनलॉग डब्याला किती दिवस मिठी मारणार? अ‍ॅस्टेरिस्क टाका, सगळे लॉग फुकटात. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सरला त्याच्या लिनक्स सपोर्टच्या धंद्यासाठी तयार फोन सिस्टिम परवडेना, म्हणून त्याने स्वतः लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम. आज जगभरच्या ऑफिसांत चालतो. मुळात सगळे कॉल 'मास्टर' नावाच्या सीएसव्ही फाइलमध्ये पडत जातात. वर फ्रीपीबीएक्स (ते ब्राउझरमधून चालवायचं सॉफ्टवेअर) बसवलंत तर तेच मायएसक्यूएलच्या टेबलात, आणि ब्राउझरमध्ये रिपोर्ट्सखाली तारीख टाकून काढता येतात.

तारवाला

पेंग्विनराव, फुकटात मिळतात पण वाचता यायला हवेत. मी या फाइलींवरून झालेली भांडणं सोडवली आहेत. तुम्ही अनुभवी आहात, तर नवख्या माणसाला त्यातल्या खाचाखोचा सांगा की.

पेंग्विन_पाळलेला

रास्त. लिहितो.

पहिली खाच: कालावधीचे दोन रकाने असतात. एक ड्युरेशन, दुसरा बिलसेक. ड्युरेशन कॉल सुरू झाल्यापासून, म्हणजे रिंग धरून. बिलसेक पलीकडून उचलल्यापासून. मालकाने ड्युरेशनची बेरीज केली की टेलिकॉलरची पोरं दिवसभर बोलत असल्याचं दिसतं, बिलसेकची केली की निम्मा वेळ नुसती रिंग.

दुसरी: एका कॉलच्या अनेक ओळी. रिंग ग्रुपमध्ये पाच फोन एकदम वाजले आणि एकाने उचलला, तर एक 'आन्सर्ड' आणि बाकीचे 'नो आन्सर' म्हणून दिसू शकतात. मग कुणीतरी एक्सेलमध्ये मोजतो आणि सांगतो, ऐंशी टक्के कॉल कुणी उचलतच नाही. एका मूळ कॉलच्या सगळ्या ओळींना बांधणारा लिंक्ड आयडी असतो, तो धरून गट पाडायचे. रांग लावलेली असेल तर सीडीआर सोडून क्यू लॉग बघा. किती जण वाट बघून ठेवून गेले, ते तिथे 'अबँडन' म्हणून स्वच्छ दिसतं. त्याहून बारीक हवं असेल तर सीईएल, त्यात वाजला, उचलला, होल्डवर ठेवला, दिला, असं एकेक पाऊल असतं.

तिसरी: घड्याळ. भाड्याचा सर्व्हर परदेशातला असतो आणि वेळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. नोंदी साडेपाच तास मागे. सकाळी साडेनवाचा कॉल पहाटे चारला दिसतो आणि ऑफिसात भुताच्या गोष्टी सुरू होतात.

चौथी: डिस्क भरली म्हणून कुणीतरी जुनं उडवतो. टेबलाचा बॅकअप ऑफिसबाहेर दुसरीकडे जात असेल तरच जुनं मिळेल. उडाल्यावर मायएसक्यूएलची बायनरी लॉग चालू होती का बघा, कधीकधी त्यातून परत उभं करता येतं. पण ती चालू आहेत याची खात्री आधी केलेली असावी लागते.

म्हापसेकर

आमचें हॉटेल, बारदेशात. थोडा वेगळा अनुभव, पण लॉगचाच.

आमच्याकडे ईपीएबीएक्सची ओळ सरळ हॉटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये जाते आणि खोलीच्या बिलात कॉलचे पैसे चढतात. पाहुणे भांडायचे, "फोन लागलाच नाही आणि पैसे कसले?" खरं तर त्यांचं बरोबर होतं. साध्या अ‍ॅनलॉग लाइनवर पलीकडच्याने उचललं की नाही हे डब्याला कळतच नाही. नंबर फिरवून झाल्यावर ठरावीक सेकंदांनी तो आपला मीटर चालू करतो. लांब रिंग वाजली की झालं बिल. एक्सचेंजकडून लाइनवर पोलॅरिटी रिव्हर्सल घेतलं तर उचलल्याच्या क्षणी लाइनचे प्लस-मायनस उलटतात आणि डब्याला खूण मिळते, जशी एसटीडी बूथच्या मीटरसाठी घ्यायचे. पुढे आम्ही पीआरआय घेतली. एका तारेवर तीस कॉल, आणि उचलल्याचा निरोप सिग्नलिंगच्या वेगळ्या चॅनेलवरून पक्का येतो. त्या दिवसापासून रिसेप्शनवरची भांडणं बंद.

तात्पर्य एवढंच, की अंबडकरांच्या डब्याने 'बोलणं सव्वा मिनिट' असं आउटगोइंगला छापलं तरी समोरच्याने उचललं होतं असं धरू नका.

तारवाला

+१. हे मी लिहायचं राहिलं होतं. इनकमिंगला हा घोळ नसतो, कारण उचलणारा फोन डब्याच्या आतलाच.

खंडपीठ_एक

छत्रपती संभाजीनगरला वकिली करते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

कॉल लॉगची फाइल किंवा तिचा छापील कागद हा इलेक्ट्रॉनिक पुरावा. १ जुलै २०२४ पूर्वी यासाठी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नुसता प्रिंट देऊन भागत नाही, सोबत प्रमाणपत्र लागतं. नव्या कायद्यात त्याचा नमुनाच दिलाय आणि त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. फाइलचं हॅश मूल्यही (मजकुरावरून काढलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) त्यात लिहायचं, एसएचए-२५६ किंवा तत्सम. तेव्हा फाइल हाती आली की आधी तिची प्रत काढा, हॅश काढून लिहून ठेवा, मूळ फाइलला एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' करू नका. एक्सेल तारखा स्वतःच्या मनाने बदलतं आणि हॅश बदललं की उलटतपासणीत फजिती.

या विषयावरचा गाजलेला निकाल आपल्या मराठवाड्यातलाच आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. वाद असा की उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला, आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की प्रमाणपत्र अनिवार्यच, तोंडी साक्षीने त्याची जागा भरत नाही. मात्र जो माणूस ते मिळवायला शक्य ते सगळं करतो आणि यंत्र ज्याच्या ताब्यात तोच देत नाही, त्याला त्यापायी अडवता येणार नाही. तपासात जप्त झालेले सीडीआर मोबाइल कंपन्यांनी वेगळे आणि सुरक्षित ठेवावेत, हा निर्देशही त्याच निकालात आहे.

आता तुमच्या लवादाचं. लवाद कायदा १९९६, कलम १९ प्रमाणे लवाद पुरावा कायद्याने काटेकोरपणे बांधलेला नसतो, त्यामुळे तिथे थोडी मोकळीक आहे. तरी प्रमाणपत्र जोडाच. शिवाय कलम २७ खाली लवादाच्या परवानगीने कोर्टाकडे जाऊन फोन कंपनीची नोंद मागवता येते. शून्यदोनशून्य म्हणाले त्या दोन वर्षांच्या मुदतीचं भान ठेवा. नोंद जपून ठेवण्याची लेखी नोटीस कंपनीला आणि गिऱ्हाईकाला दोघांनाही आत्ताच पाठवा. गिऱ्हाईकाला 'तो हँडसेट आणि त्यातली कॉल यादी तशीच ठेवा' असंही स्पष्ट लिहा.

नेहा_एचआर

थोडं अवांतर. आमच्या कंपनीत साहेबांना हे सगळं वाचून सुचलंय की प्रत्येकाच्या एक्स्टेन्शनचा रोजचा रिपोर्ट मला द्यायचा. कोण कुणाशी किती वेळ बोलतं. मला हे पटत नाही.

पेंग्विन_पाळलेला

ऑफिसचा फोन, ऑफिसची लाइन. न पटण्यासारखं काय आहे?

नेहा_एचआर

माणूस दवाखान्यात फोन करतो, शाळेत करतो. नंबर बघितला की कळतं कुणाच्या घरी काय चाललंय. तुमचा नंबर लावून बघू का?

बोर्डवाली_मावशी

नेहाताई बरोबर बोलतेय. आम्हाला बोर्डावर सगळ्या ऑफिसची लग्नं आणि दुखणी आधी कळायची. तोंड बंद ठेवायचं, हीच नोकरी होती. रिपोर्ट काढायचे तर खात्याचे काढा, माणसाचे नको. आणि लोकांना आधी सांगा तरी.

तारवाला

तांत्रिक मधला मार्ग आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नंबरचे शेवटचे आकडे झाकून रिपोर्ट काढता येतो. पॅनासॉनिकमध्येही स्पीड डायलचे नंबर गुप्त ठेवले तर एसएमडीआरमध्ये ते छापायचे नाहीत असं सांगता येतं. पूर्ण यादी एका माणसाकडे कुलपात, तक्रार आली तरच उघडायची. साहेबांना खर्च बघायचा असेल तर तेवढ्यात भागतं.

अंबडकर

मंडळी, प्रगती कळवतो.

डब्याला पीसी जोडला. आधी कचरा अक्षरं आली, वेग बदलल्यावर ओळी पडायला लागल्या. इनकमिंग खरंच बंद होतं, चालू केलं. कॉलर आयडीचं कार्ड नाही, त्यामुळे नंबर येत नाही.

सिक्युरिटी एजन्सीने वही दिली. त्या रविवारच्या पानावर सकाळी ९:४० ला त्या कंपनीच्या नावाने 'फोन आला, सोमवारी करतो म्हणाले' अशी नोंद आहे. वॉचमनची सही आहे. दुपारची पाळी बदलली तिथे पुढच्या वॉचमनला निरोप दिल्याचंही लिहिलंय. दिवसभरात त्यांचा दुसरा फोन वहीत नाही.

अजून एक गोष्ट दिसली. डब्याचं घड्याळ माझ्या मोबाइलपेक्षा बरंच मागे आहे. ते नीट लावू का?

तारवाला

थांबा, हात लावू नका! आधी पुराव्यासाठी फरक नोंदवा. मोबाइलवर सेकंदासकट वेळ दिसेल असं ठेवून दोन्ही एका फोटोत घ्या. एक टेस्ट कॉल करा, तो मोबाइलच्या यादीत किती वाजता दिसतो आणि डब्याच्या ओळीत किती वाजता, दोन्ही लिहा. मगच घड्याळ लावा, आणि लावलेली वेळही त्याच वहीत. असले डबे वीज गेल्यावर आतल्या छोट्या बॅटरीवर वेळ धरतात. ती बॅटरी म्हातारी झाली की घड्याळ घसरतं, पार मेली की थेट कारखान्यातल्या तारखेला जातं. २००० सालच्या १ जानेवारीचे कॉल छापलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत.

खंडपीठ_एक

वहीचं पान सुटं करू नका, अख्खी वही ताब्यात घ्या आणि एजन्सीकडून पोचपावतीवर घ्या. त्या वॉचमनचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, तो नोकरी सोडून गावी जायच्या आत. मात्र हुरळू नका. ९:४० ला फोन आला हे तुमच्याच कागदाने सिद्ध होतंय. 'तक्रार नोंदवली' म्हणजे काय, हे करारात कसं लिहिलंय? गेटवरच्या माणसाला सांगितलेलं चालतं, की सर्व्हिस खात्याला ई-मेल हवी? सगळं त्या एका कलमावर आहे. करार घेऊन कुणातरी स्थानिक वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

अंबडकर

करारात लिहिलंय, "फोनवर किंवा लेखी कळवल्यापासून". सोमवारी करतो असं त्यांनीच म्हटल्याची नोंद आहे, त्यावर आमचे वकील भर देणार आहेत. मालकांना हे सगळं छापून दिलं. आता ते म्हणतायत, सुट्टीच्या दिवशी कॉल सर्व्हिस इंजिनीअरच्या मोबाइलवर वळवा.

शून्यदोनशून्य

वळवताना एवढं करा, डब्यातूनच वळवा, फोन कंपनीच्या फॉरवर्डिंगने नको. डब्यातून वळवला तर तुमच्या नोंदीत आलेला आणि पुढे गेलेला असे दोन्ही भाग दिसतील. कंपनीकडून वळवला तर तुमच्या डब्याला पत्ताच लागणार नाही. दोन लाइन लागतात, ही त्यातली गैरसोय.

म्हापसेकर

आणि बाहेरून डायल करून आत शिरायची सोय, म्हणजे डिसा, चालू असेल तर कडक पासवर्ड लावा नाहीतर बंद करा. ओळखीच्या एका ऑफिसात कुणीतरी त्यातून शिरून रात्रभर परदेशी कॉल केले. बिल आलं तेव्हा कळलं. नोंद रोज सकाळी कुणी बघत असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

सावंत_वाडीत

धागा उशिरा वाचला, छान माहिती. आमच्याकडेही असाच डबा आहे, पण पीसीला सिरियल पोर्टच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर चालेल का? स्वस्तातलं एक आणलं तर विंडोज 'हे डिव्हाइस सुरू होत नाही, कोड १०' म्हणतंय.

तारवाला

त्यात बहुतेक प्रोलिफिकची नकली चिप असणार. खऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर ती ओळखून नाकारतो. एफटीडीआयची चिप असलेलं घ्या, लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं, पण तिथेही नकली असतात, म्हणून बिलावर घ्या. लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर कितवा आला ते बघा आणि पुटीत तोच टाका. दुसऱ्या यूएसबी भोकात खुपसलंत तर तो नंबर बदलू शकतो, तेव्हा एकाच भोकात ठेवून वर चिकटपट्टी लावा.